व्हर्जिनिया की मेरीलँड: मुलांना घेऊन जाण्याआधी तिथल्या शाळा कशा बघायच्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नवऱ्याची बदली वाकडच्या ऑफिसातून व्हर्जिनियातल्या रेस्टनला झालीय, जूनअखेर निघायचंय, मुलगी नऊ वर्षांची आणि तिसरी झालेली, मुलगा १८ सप्टेंबरला पाच पूर्ण करतोय, आणि घर ॲशबर्नला घ्यायचं, हर्नडनला घ्यायचं की पोटोमॅक नदीपलीकडे मेरीलँडमध्ये गेथर्सबर्गला जिथे नणंद राहते, हे शाळा बघून ठरवायचंय. तिन्हीकडच्या शाळांच्या रेटिंगची तुम्ही एक्सेल शीट केलीय आणि विचारताय की दहापैकी ९ रेटिंगवाल्या शाळेसाठी महिना चारशे डॉलर जास्त भाडं द्यावं का.

मी नॉर्दर्न व्हर्जिनियात एकोणीस वर्षं आहे, त्यातली अकरा वर्षं इथल्याच एका काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) शाळाखात्यात पेरेंट लायझनचं काम केलं, म्हणजे बाहेरून आलेल्या कुटुंबांचे फॉर्म भरून घेणं, शाळेशी बोलणं करून देणं, पहिल्या दिवशी मुलाला वर्गापर्यंत पोचवणं. शेकडो घरं बघितली, त्यात आपली मराठी भरपूर. तर सरळ सांगते, नुसत्या त्या ९ साठी चारशे डॉलर देऊ नका. दुसऱ्या कारणासाठी द्यायचे असतील तर द्या, ती कारणं पुढे येतीलच.

हा आकडा ग्रेटस्कूल्स वगैरे साइट देतात आणि झिलो या घरं शोधायच्या साइटवर घराच्या फोटोखाली तो दिसतो, म्हणून तो घराचाच भाग असल्यासारखा वाटायला लागतो. त्यात मोठा वाटा असतो परीक्षेच्या निकालांचा, आणि निकाल कशावर ठरतात तर बऱ्याच अंशी घरात किती पैसा आहे, आईबाप किती शिकलेत, बालवाडीआधीच मुलाला कोणी वाचून दाखवलं का यावर. स्टॅनफर्ड विद्यापीठात शॉन रिअर्डन यांच्या गटाने देशभरातल्या शाळांचे निकाल एकत्र करून एक मोठा डेटाबेस केलाय, फुकट बघता येतो, त्यात हे स्वच्छ दिसतं की सरासरी मार्क कुटुंबांच्या आर्थिक स्थितीबरोबर वर-खाली जातात, पण मुलं वर्षागणिक किती पुढे सरकतात याचा त्या श्रीमंतीशी संबंध खूपच कमी आहे. म्हणजे ९ आकडा तुम्हाला तिथे कोण राहतं ते सांगतो, शाळा मुलासाठी काय करते ते फारसं सांगत नाही.

हे मी पुस्तकात वाचून शिकले नाही. २००९ साली माझी मोठी मुलगी आठ वर्षांची होती तेव्हा आम्हीही असाच आकडा बघून, पोटाला चिमटा काढून एका शाळेच्या हद्दीत घर घेतलं. शाळा सुंदर, लायब्ररी बघून मला रडू आलं होतं. पण तिथे इंग्रजी शिकवायची मदत लागणारी मुलं सगळी मिळून चार, त्यामुळे ती शिक्षिका तीन शाळांत वाटलेली, आमच्याकडे आठवड्यातून दोनदा यायची. वर्गाच्या बाईंच्या चिठ्ठ्या यायच्या, मुलगी फार शांत आहे, फार गुणी आहे, आणि मी त्या फ्रिजवर लावायचे. फेब्रुवारीत एकदा डबा उघडला तर भात जसाच्या तसा, म्हटलं का गं, तर म्हणाली थर्मासचं झाकण घट्ट बसलं होतं आणि उघडून द्या असं कसं म्हणायचं ते माहीत नाही. पाच महिने ती त्या वर्गात बसली होती आणि तिला मदत मागता येत नव्हती, आणि हे कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं, माझ्यासकट. पुढच्या वर्षी लीज संपल्यावर दोनेक मैलांवर गेलो, तिथल्या शाळेचं रेटिंग ५. तिथे निम्म्या वर्गाच्या घरी वेगळी भाषा, ईएसएलच्या, म्हणजे इंग्रजी शिकायला मदत करणाऱ्या शिक्षिका रोज वर्गातच, मुख्य बाईंच्या शेजारी उभ्या. मे महिन्यापर्यंत ती फोनवरून पिझ्झा मागवत होती. शाळा वाईट कुठलीच नव्हती, पहिली फक्त माझ्या मुलीसारख्या मुलीसाठी तयार नव्हती.

म्हणून एक्सेलमध्ये रेटिंगचा कॉलम ठेवा हवा तर, पण शेवटी ठेवा.

सगळ्यात आधी कॉलम करा पत्त्याचा. आपल्याकडे शाळा निवडतात आणि मग रिक्षा-बस लावतात, इथे उलटं आहे, तुमचं दार कुठे आहे त्यावरून शाळा ठरते आणि बाकी फार कमी हातात राहतं. इथल्या पब्लिक स्कूल म्हणजे सरकारी, फी नाही, आणि व्हर्जिनिया-मेरीलँडमध्ये बहुतेक ठिकाणी पूर्ण काउंटीचं एकच शाळाखातं असतं. ॲशबर्न लाउडनमध्ये, हर्नडन फेअरफॅक्समध्ये, गेथर्सबर्ग माँटगोमेरीमध्ये. गोंधळ होतो तो पोस्टाच्या पत्त्याने. साउथ रायडिंग लाउडन काउंटीत आहे पण पत्त्यात शँटिली लिहितात, आणि शँटिली म्हटलं की लोकांना फेअरफॅक्स वाटतं. तसंच पत्त्यात फॉल्स चर्च असलेली कितीतरी घरं प्रत्यक्षात फेअरफॅक्स काउंटीत आहेत, फॉल्स चर्च शहराची शाळा वेगळी, कारण व्हर्जिनियात शहरं काउंटीपासून स्वतंत्र असतात. मी एका बापाला लीजवर सही करून झाल्यावर रजिस्ट्रेशनच्या टेबलाशी हे कळताना बघितलंय, माणूस नुसता खुर्चीत बसून राहिला. तेव्हा घरमालक काय म्हणतो, जाहिरातीत काय लिहिलंय ते सोडा, काउंटीच्या शाळाखात्याच्या साइटवर स्कूल लोकेटर असतो त्यात घर नंबरासकट पत्ता टाका आणि एलिमेंटरी, मिडल, हायस्कूल तिन्ही लिहून घ्या. एकाच अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये मधल्या रस्त्याने हद्द गेलेली असू शकते.

आणि एजंटला "शाळा चांगली आहे का हो" विचारलंत तर तो गोड हसून एखादी लिंक देईल. तो टाळत नाही, १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्यामुळे ते लोक फार जपून असतात, कारण चांगली शाळा म्हणत म्हणत विशिष्ट लोकांना विशिष्ट वस्तीकडे ढकलणं हा गुन्ह्यासारखा प्रकार धरला जातो. तर ते काम तुम्हालाच करायचंय.

हद्दी बदलतात हेही धरून चाला. लाउडनमध्ये २००० च्या सुमाराला तीसेक हजार मुलं होती, आता ऐंशी हजारांच्या वर आहेत, इतक्या वेगाने वाढलेल्या जागी नवीन शाळा उघडली की आजूबाजूच्या चार शाळांच्या हद्दी हलतात. फेअरफॅक्सने २०२४ मध्ये सगळ्या काउंटीच्या हद्दी तपासायला घेतल्या आणि आता दर पाच वर्षांनी ते करायचं असं धोरणच केलंय. माँटगोमेरीतही नव्या हायस्कुलांमुळे हेच चाललंय. त्यामुळे नऊ वर्षांच्या मुलीचं हायस्कूल बघून आज घर भाड्याने घेणं मला पटत नाही, एलिमेंटरी आणि फार तर मिडल बघा. प्रत्येक खात्याचं कॅपिटल इम्प्रूव्हमेंट प्रोग्राम नावाचं कागदपत्र असतं, कंटाळवाणं आहे पण त्यात शाळेची क्षमता किती, मुलं किती, पुढच्या पाच वर्षांत किती होतील हे शाळावार दिलेलं असतं. क्षमतेच्या वर गेलेली शाळा म्हणजे मागच्या मैदानात ट्रेलरमध्ये वर्ग आणि दोन वर्षांत हद्द हलायची शक्यता. क्षमतेच्या वर असलेल्या शाळेत मुलांना साडेदहा-पावणेअकराला जेवायला बसवतात, कॅफेटेरिया पुरत नाही म्हणून, आणि मग मूल साडेतीनला घरी आल्यावर का चिडतं ते आईला कळत नाही.

आता निकाल कसे वाचायचे ते. व्हर्जिनियात तिसरी ते आठवी दरवर्षी एसओएल परीक्षा असते, वाचन आणि गणित, ० ते ६०० मार्क, ४०० ला पास आणि ५०० पासून ॲडव्हान्स्ड. राज्याच्या स्कूल क्वालिटी प्रोफाइल्स साइटवर शाळेचं नाव टाकलं की सगळं उघडतं. मेरीलँडची परीक्षा एमकॅप, तिथे मेरीलँड रिपोर्ट कार्डवर शाळेला एक ते पाच तारे देतात. एक चूक तुमच्या शीटमध्येही दिसतेय म्हणून सांगते, व्हर्जिनियाचे टक्के आणि मेरीलँडचे टक्के शेजारी ठेवू नका. व्हर्जिनियाची पासाची रेघ इतकी वर्षं देशातल्या सगळ्यात खालच्या रेघांपैकी होती, केंद्र सरकारच्याच तुलनेत ते निघालंय, त्यामुळे तेच मूल इथे पास आणि तिथे अपुरं ठरू शकतं. गेथर्सबर्गच्या शाळा तुमच्या शीटवर इतक्या फिक्या दिसतायत त्याचं मोठं कारण हे आहे.

एकाच राज्यातल्या दोन शाळा बघताना मी एकूण टक्का बघतच नाही, मी एकच गट दोन्हीकडे बघते. म्हणजे इंग्रजी शिकणारी मुलं या शाळेत वाचनात किती पास आणि त्या शाळेत किती, किंवा आर्थिक अडचणीतली मुलं इथे किती आणि तिथे किती. सारखी मुलं, वेगळी शाळा, मग जो फरक राहतो त्यात शाळेची मेहनत दिसते. एकूण ९५ टक्के पास असलेल्या शाळेत हा गट ढेपाळलेला मी बघितलाय आणि एकूण ७५ वाल्या शाळेत तोच गट ठणठणीत. गट लहान असला की आकडा दाखवत नाहीत, तो रिकामा चौकोनही काहीतरी सांगतो, तुमच्या मुलीसारख्या मुली तिथे फारशा नाहीत. तीन वर्षं मागे जाऊन बघा, एका वर्षावर जाऊ नका. फक्त २०२० च्या वसंतात परीक्षा रद्द झाल्या होत्या आणि पुढचं वर्ष विस्कळीत होतं, ते मोजू नका. ग्रेटस्कूल्सवरही मोठ्या आकड्याच्या खाली विद्यार्थ्यांच्या प्रगतीचा वेगळा आकडा बऱ्याच शाळांना असतो, बघायचाच तर तो बघा.

त्याच सरकारी पानावर अजून दोन गोष्टी असतात ज्या कोणी उघडत नाही. एक, तात्पुरत्या परवान्यावरचे शिक्षक किती. दोन, क्रॉनिक ॲब्सेंटीइझम, म्हणजे वर्षाचे दहा टक्के दिवस गैरहजर राहणारी मुलं किती, १८० दिवसांच्या वर्षात १८ दिवस. ज्या शाळेत मुलं यायला तयार नाहीत तिथे काय चाललंय ते विचारावंसं वाटतं. आणि हे तुम्हालाही लागू आहे बरं का, डिसेंबरात चार आठवडे पुण्याला लग्नाला जाऊन येतो म्हणणारी आपली मंडळी दर वर्षी असतात. व्हर्जिनियात सलग १५ शाळेचे दिवस मूल आलं नाही तर पटावरून नाव काढतात, परत आलात की पुन्हा नोंदणी. तिकीट काढण्याआधी शाळेचं कॅलेंडर बघायचं, हिवाळ्याची सुट्टी धरून कडेला थोडे दिवस जोडायचे, आणि ऑफिसात लेखी सांगून जायचं.

मुलाच्या वयाचं तुमच्या शीटमध्ये नाहीच आणि माझ्या मते तुमच्या केसमध्ये ते सगळ्यात मोठं आहे. व्हर्जिनियात किंडरगार्टनला, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गाला, ३० सप्टेंबरपर्यंत पाच पूर्ण लागतात, मेरीलँडमध्ये १ सप्टेंबरपर्यंत. तुमचा मुलगा १८ चा. म्हणजे ॲशबर्न किंवा हर्नडनला तो या ऑगस्टमध्ये शाळेत जाईल, फुकट, पूर्ण दिवस, आणि नदी ओलांडून गेथर्सबर्गला गेलात की एक वर्ष थांबेल, किंवा लवकर प्रवेशाचा अर्ज आणि चाचणी द्यावी लागेल, आणि मधल्या वर्षाचं प्रायव्हेट प्रीस्कूल म्हणजे महिन्याला सहज हजार-दीड हजार डॉलरच्या पुढचा खर्च. तुमचे ते चारशे डॉलर यापुढे काहीच नाहीत. आता तो लहान आहे, थांबला तर बरंच होईल असंही वाटू शकतं, आणि त्यात चूक नाही, माझ्या धाकट्याला मी थांबवलं असतं तर बरं झालं असतं असं मला आजही वाटतं. पण ते तुम्ही ठरवून करा, नदीने ठरवायला नको.

मुलीचं म्हणाल तर वयाप्रमाणे ती चौथीत बसेल, इथे लहान वर्गांत शक्यतो वयावरूनच बसवतात, सीबीएसईचे मार्क कोणी विचारत नाही. नोंदणीत होम लँग्वेज सर्व्हे नावाचा कागद येईल, घरात कुठली भाषा बोलता, मुलीची पहिली भाषा कुठली. इथे आपले लोक इंग्रजी लिहितात. मी किती जणांना हात धरून सांगितलंय, मराठी लिहा. भीती असते की मुलीला कमी समजून वेगळ्या वर्गात टाकतील. तसं होत नाही, तिची इंग्रजीची एक चाचणी होते, बोलणं-ऐकणं-वाचणं-लिहिणं, चांगली आली तर विषय संपला, कुठे कमी पडली तर तेवढी मदत मिळते आणि ती तिचा हक्क आहे. पुण्यातल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलांचं बोलणं-वाचणं बहुतेक वेळा ठीक असतं, अडतात ती लिहिण्यात, कारण इथे चौथीत स्वतःच्या मनाने पानभर लिहायला सांगतात, प्रश्नोत्तरं पाठ करून भागत नाही. गणितात आकडेमोडीत ती पुढे असेल, पण इंच-फूट, औंस, क्वार्टर-डाइम ही नाणी आणि शाब्दिक गणितं तिला नवीन आहेत, मेमध्ये घरीच थोडं खेळत खेळत करून घ्या. शाळेने तुमचा व्हिसा विचारायचा नसतो, सुप्रीम कोर्टाच्या १९८२ च्या प्लायलर विरुद्ध डो निकालापासून हे पक्कं आहे, तेव्हा एल वन-एल टू ची फाइल घेऊन रजिस्ट्रारपुढे बसायची गरज नाही, तिला लीज, जन्मदाखला आणि लशीचे कागद हवे असतात.

शाळा प्रत्यक्ष बघता आली तर उत्तम, तुमचे मिस्टर आधी महिनाभर जाणार आहेत ना, त्यांना पाठवा. टूर सगळे घेतात, टूरमध्ये सगळ्याच शाळा छान दिसतात. त्यापेक्षा शाळा सुटायच्या वेळी वीस मिनिटं समोरच्या फुटपाथवर उभं राहायचं. मुख्याध्यापक बाहेर उभे आहेत का, मुलांना नावाने हाक मारतात का, बसची रांग कशी लागते, एखादं मूल रडत आलं तर कोण वाकतं. मग ऑफिसात जाऊन विचारायचं, माझी मुलगी ऑगस्टमध्ये येणार आहे, भारतातून. तिथली बाई काय म्हणते ते ऐकायचं. "वेबसाइटवर आहे" म्हणते की खुर्ची ओढून देते. अकरा वर्षांत माझा अंदाज या एका क्षणावरून फार क्वचित चुकला. पुढे चार प्रश्न लिहून न्यायचे: ईएसएल शिक्षिका या इमारतीत पूर्ण वेळ आहे का, गेल्या वर्षी किती शिक्षक सोडून गेले, मुख्याध्यापक किती वर्षं आहेत, आणि मध्येच नवीन आलेल्या मुलाला पहिल्या आठवड्यात कोण सोबत करतं. शेवटच्या प्रश्नाला जिथे मुलांची नावं निघतात, अमुक आणि तमुक आमचे बडी आहेत म्हणून, तिथे मन लागतं मुलाचं. सुट्टीत गेलात तर शिक्षक नसतात, ऑफिस मात्र उघडं असतं.

पैशाचं थोडं. व्हर्जिनियात शाळा बोर्डाला स्वतः कर लावता येत नाही, काउंटीचे बोर्ड ऑफ सुपरवायझर्स, म्हणजे निवडून आलेलं मंडळ, पैसे देतात, आणि ते बहुतांशी घरांवरच्या प्रॉपर्टी टॅक्समधून येतात. लाउडनला ॲशबर्नच्या डेटा सेंटरांच्या कराचा मोठा आधार आहे. जानेवारीत सुपरिंटेंडेंट, म्हणजे शाळाखात्याचे प्रमुख, बजेट मांडतात, एप्रिलच्या आसपास पक्कं होतं, १ जुलैपासून लागू. यंदाच्या बजेट मीटिंगचे व्हिडिओ नेटवर असतात, एक तास तरी बघा, कुठली पदं कापली, वर्गात मुलं वाढणार का, हे तिथे उघड उघड बोललं जातं, ब्रोशरमध्ये ते येत नाही.

हुशार मुलांच्या वर्गांबद्दल आपल्याकडे जरा जास्तच जीव टांगलेला असतो म्हणून दोन शब्द. फेअरफॅक्समध्ये ॲडव्हान्स्ड ॲकॅडेमिक्सचे पूर्ण वेळ वर्ग तिसरी ते आठवी असतात, लाउडनची पद्धत वेगळी आहे आणि हायस्कूलला लीसबर्गची ॲकॅडमीज ऑफ लाउडन आहे, २०१८ मध्ये उघडलेली. टीजे म्हणजे थॉमस जेफरसन हायस्कूल, निवडून प्रवेश देणारी इथली नावाजलेली सरकारी शाळा, तिच्यासाठी घर बघू नका. दरवर्षी साडेपाचशे मुलं घेतात, २०२० मध्ये प्रवेशाची पद्धत बदलली, प्रवेश परीक्षा गेली आणि प्रत्येक सरकारी मिडल स्कूलच्या आठवीच्या दीड टक्का मुलांएवढ्या जागा त्या त्या शाळेला ठेवल्या, कोर्टकचेरी झाली, २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यात पडायला नकार दिला. लाउडनची मुलंही अर्ज करू शकतात, मेरीलँडची नाही. यापेक्षा एक साधा प्रश्न उपयोगाचा: आमच्या हद्दीच्या मिडल स्कूलला सातवीत अल्जेब्रा वन, म्हणजे बीजगणिताचा पहिला अभ्यासक्रम, आहे का आणि तिथे जायला काय लागतं. मुलगी चौथीत आहे, तीन वर्षं पटकन जातात.

मुलाला किंवा मुलीला बोलण्यात, लक्ष देण्यात, शिकण्यात काही अडचण असेल तर (तुम्ही लिहिलं नाहीये, पण वाचणारे अनेक लिहीत नाहीत) भारतातले सगळे रिपोर्ट इंग्रजीत घेऊन या आणि पहिल्याच आठवड्यात लेखी अर्ज द्या, व्हर्जिनियात अर्जापासून ६५ कामकाजाच्या दिवसांत निर्णय द्यावा लागतो. बघू, रुळू दे आधी, असं म्हणून वर्ष गेलेली घरं बघून जीव तुटतो.

शाळेनंतरचं विसरू नका. एलिमेंटरी दुपारीच सुटते, ऑफिस नाही सुटत. एल टू वर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर, तुम्हाला नोकरी करता येते, कराल तेव्हा आफ्टर केअर, म्हणजे शाळेनंतर मुलांना सांभाळायची सोय, लागेलच. फेअरफॅक्समध्ये काउंटीचं सॅक आहे, लाउडनमध्ये कासा, दोन्ही शाळेतच चालतात आणि दोन्हीकडे वेटिंग लिस्ट असते, म्हणून पत्ता पक्का होताच नाव घाला. रेस्टनचं ऑफिस धरलं तर हर्नडन दहा-पंधरा मिनिटं, ॲशबर्नहून नोव्हेंबर २०२२ पासून सिल्व्हर लाइन मेट्रो आहे, गेथर्सबर्गहून मात्र रोज पोटोमॅक ओलांडायची, अमेरिकन लीजन ब्रिजवरून, आणि त्या पुलावर संध्याकाळी काय होतं ते नणंदेला विचारा. बाप सात वाजता घरी पोचणार असेल तर मुलीला वाचून कोण दाखवणार, हा शाळेइतकाच शाळेचा प्रश्न आहे.

तुमच्या जागी मी असते तर हर्नडन-रेस्टनच्या बाजूला एक वर्षाचं लीज घेतलं असतं, अशा एलिमेंटरीच्या हद्दीत जिथे ईएसएल रोज आहे, रेटिंग ५ असो की ६. ॲशबर्नही चांगलं आहे, आपली खूप घरं आहेत, डीसी परिसरात मंडळ आहे, मराठी शाळा आहे, पहिल्या हिवाळ्यात हे फार लागतं, पण त्यासाठी ॲशबर्नमध्येच राहायला हवं असं नाही, रविवारी गाडीने जाता येतं. गेथर्सबर्ग नणंदेसाठी घ्यायचं असेल तर समजू शकते, घरचं माणूस जवळ असणं मोठी गोष्ट आहे, फक्त धाकट्याचं एक वर्ष आणि पूल हिशेबात धरून घ्या. वर्षभराने शाळा आतून कळली की मग पुढचं घर बघा.

शेवटी एक काम जे पुण्यातच करायचंय, आणि जूनच्या आत. दोघांची लसीकरणाची कार्डं काढून डॉक्टरांकडे जा. आपल्याकडे नवव्या महिन्यात दिलेला गोवराचा डोस इथे मोजत नाहीत, एमएमआरचे दोन डोस पहिल्या वाढदिवसानंतरचे लागतात. कांजिण्यांची लस आपल्या सरकारी वेळापत्रकात नाही, खूप मुलांना दिलेलीच नसते, इथे दोन डोस लागतात आणि या वयात दोन्हींत साधारण तीन महिन्यांचं अंतर ठेवतात, म्हणून पहिला आत्ता घ्या. व्हर्जिनियात हिपॅटायटिस ए सुद्धा लागते. टीबीची तपासणी मागितली तर रक्ताची करा म्हणावं, हातावरची बीसीजीमुळे उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते आणि मग एक्स-रेच्या चकरा. आणि डॉक्टरांकडून सगळ्या तारखा एका लेटरहेडवर महिन्याचं नाव अक्षरात लिहून, सही-शिक्का घेऊन या. आपण ०५/०८ लिहितो ते पाच ऑगस्ट, इथली नर्स ते आठ मे वाचते. एका मुलीचा एमएमआरचा डोस एवढ्यावरून पहिल्या वाढदिवसाआधीचा धरला गेला होता, आई पुण्याच्या दवाखान्याला रात्री फोन लावत बसलेली, आणि पोरगी दप्तर पाठीवर अडकवून माझ्या टेबलाशी उभी, तिला त्या दिवशी वर्गात जाता आलं नाही.